कोरमअभावी तहकूब

आमच्या धाराशिव जिल्ह्यात वर्षाला चार झेंडावंदनं होतात. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट ही तीन साऱ्या महाराष्ट्राची. १७ सप्टेंबरचं चौथं खास मराठवाड्याचं. पुण्याकडचा जावई त्या दिवशी सासुरवाडीला असला, तर सकाळी शाळेच्या मैदानावर मारलेली फक्की बघून बुचकळ्यात पडतो. "आज काय आहे?" असं मेव्हण्याला विचारतो. मेव्हणा म्हणतो, "झेंडा हाय." ते तर जावयालाही दिसत असतं. मग तो विचारतो, "कशाचा?" यावर मेव्हणा चहा झाला का बघायला आत जातो.

हा 'कशाचा' मी पुढे बऱ्याच कट्ट्यांवर टाकून पाहिला. पारावरचे म्हातारे एका दमात सांगतात, रझाकार गेले तो दिवस. त्यांच्या उत्तरात तारीख नसते, पण बाकी सगळं असतं. मधल्या वयाची मंडळी "मराठवाडा झाला तो दिवस" असं मोघम म्हणतात, जणू त्याआधी इथे मोकळं रान होतं. एका भगिनींनी तो "गणपतीच्या आगंमागं असतोय" एवढं नक्की सांगितलं. कॉलेजातल्या एका तरुणाने पंतप्रधानांचा वाढदिवस, असं उत्तर दिलं. तोही त्याच दिवशी असतो, त्यामुळे त्याला अगदीच शून्य मार्क देता येईनात. तिसरीतल्या एका मुलाला मात्र कसलीच शंका नव्हती. तो म्हणाला, "जिलबीचा."

हसायला सोपं आहे. पण नळदुर्गच्या एखाद्या आजोबांचा जन्म १९३० सालचा धरा आणि त्यांच्या जागी उभं राहून बघा. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आजोबा सतरा वर्षांचे होते आणि निजामाची प्रजा होते. त्या रात्री त्यांच्या गावात काहीही बदललं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या रस्त्याने भारतीय सैन्य आलं, बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, किल्ल्यापाशी लढाई झाली. तिथून रणगाडे उमरग्याकडे गेले आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं आणि आजोबा प्रजेचे नागरिक झाले. नागरिक झालो म्हणून त्यांनी मान वर करून पाहिलं, तर हैदराबाद राज्याच्या राजप्रमुखपदी शपथ घेऊन बसलेले गृहस्थ तेच, मीर उस्मान अली खान, सातवे निजाम. १ नोव्हेंबर १९५६ ला आजोबा मुंबईच्या द्वैभाषिक राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. तिशीच्या आत या माणसाने चार राजवटी पाहिल्या, आणि त्यासाठी त्याला बोरी नदीसुद्धा ओलांडावी लागली नाही. घर तेच, बांध तोच, बांधावरून भावकीशी चाललेला दावाही तोच. फक्त अपिलाला जायचं गाव बदलत गेलं. अशा माणसाने 'आपण नेमके कधी स्वतंत्र झालो' या प्रश्नावर तंबाखू मळायला घेतली, तर त्याला अडाणी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता यातली खरी गंमत सांगतो. दिल्लीत ९ डिसेंबर १९४६ पासून संविधान सभा बसत होती. देशभरातून माणसं आली, संस्थानांचे प्रतिनिधीही हळूहळू येऊन बसले. हैदराबाद संस्थानाच्या वाट्याच्या खुर्च्या मात्र शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. आधी निजामाला स्वतंत्र राहायचं होतं म्हणून, आणि नंतर वेळच उरला नाही म्हणून. म्हणजे 'आम्ही भारताचे लोक' हे शब्द जिथे ठरले, तिथे आमच्या जिल्ह्यातर्फे हजेरी द्यायला कुणी नव्हतं. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढलं, की भारताचं जे संविधान होतंय तेच हैदराबादचंही संविधान असेल. लोकशाहीचं पुस्तक आमच्याकडे आलं ते असं, राजाच्या फर्मानाने. आपल्या नसलेल्या सहीवर आपल्याला मिळालेली ही इस्टेट आहे. त्यामुळे ती कागदपत्रं आपण कधी उघडून पाहिली नाहीत, याला काही अंशी परंपरेचा आधार आहे म्हणायचा.

पुस्तकात मात्र आमची नोंद आहे. अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडात 'मराठवाडा' हा शब्द चक्क छापलेला आहे: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगवेगळी विकास मंडळं नेमण्याची तरतूद. ती मंडळं १९९४ साली आली आणि २०२० साली मुदत संपून गेली. ती आली तेव्हा गावात कुणी फटाके वाजवले नाहीत, आणि गेली तेव्हा कुणाचं जेवण अडलं नाही. ज्या ३७० चं नाव लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे, त्याच्या अगदी शेजारच्या आकड्यात आपण स्वतः राहतो, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. एक जण म्हणाला, "गुरुजी, तुमचं कायतरीच." मी गुरुजी नाही. पण आमच्याकडे चष्मा लावून प्रश्न विचारणाऱ्या कुणालाही गुरुजी म्हणतात.

खरे गुरुजी बिचारे आपलं काम करतात. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर उद्देशिका असते, राष्ट्रगीत असतं, प्रतिज्ञा असते. वर्षाअखेरीस पुस्तकाचं सर्वांत आधी सुटतं ते तिथलंच पान. घरी कुणाला तरी चिवडा खायला कागद लागतोच. २०२० पासून राज्यभर शाळांच्या परिपाठात उद्देशिकेचं सामूहिक वाचन सुरू झालं. मुलं ती एका श्वासात म्हणतात, आणि सगळ्यात जोर येतो तो शेवटच्या शब्दावर, कारण त्यानंतर खाली बसायचं असतं. मधले शब्द जड आहेत, त्याला मुलं तरी काय करणार? भूम तालुक्यातल्या एका पोराने 'सार्वभौम'चा अर्थ 'सारं भूम' असा सांगितला. तालुक्याचा अभिमान म्हणून मला तो पटलाही.

मोठ्या माणसांना 'संविधानात काय लिहिलंय?' असं विचारलं, तर बहुतेकांच्या तोंडी येते ती प्रतिज्ञा. ती संविधानात नाही. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या तेलुगू सरकारी अधिकाऱ्याने १९६२ साली लिहिली आणि पुढे देशभरच्या शाळांत गेली. हे ऐकून एका निवृत्त पोस्टमास्तरांना फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "म्हंजी एवढी वर्सं आमी हात पुढं करून उभा राह्यलो ते कुणाच्या शब्दाला?" मी म्हटलं, शब्द चांगले आहेत ना? ते म्हणाले, "चांगले हायती, पन वरून आल्यात असं वाटायचं." कागद वरून आला की त्यावर विश्वास बसतो, आणि वरून आला की तो वाचायची गरजही राहत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

मूलभूत हक्क किती, या प्रश्नावर तर घराघरांत भांडण लागू शकतं. आजोबांच्या पुस्तकात सात होते, नातवाच्या पुस्तकात सहा आहेत, आणि दोघंही बरोबर आहेत. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गासाठी भूसंपादनाच्या नोटिसा आल्या तेव्हा 'जमीन हा माझा मूलभूत हक्क हाय' असं ठासून सांगणारी माणसं मी ऐकली आहेत. त्यांना वकिलाने हळूच सांगितलं, की हक्क आहे, पण त्याची खोली बदललीय. शेतकऱ्याला ते लगेच कळलं. त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या आईची खोलीही तशीच बदललेली होती.

तसं पाहिलं तर आमच्या लोकांना कलमांची आवड नाही असं कुणी म्हणू नये. तीनशे दोन, तीनशे सात, तीनशे सव्वीस, चारशे अठ्ठ्याण्णव-अ, एकशे सातची नोटीस, ही सगळी घरची माणसं असल्यासारखी लोक बोलतात. कोणतं जामीनपात्र, कोणतं नाही, हे कळंबच्या बाजारात भाजी घेता घेता कळतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि या साऱ्या विद्वत्तेवर पाणी पडलं. खुनाचं कलम १०३ झालं, फसवणुकीचं ३१८. पण एखाद्या लबाडाला 'तो मोठा तीनशे अठरा आहे' असं म्हणून पाहा, समोरचा विचारेल, कुठला रूम नंबर? चारशेवीस अजून बरीच वर्षं चारशेवीसच राहणार. भीतीच्या पुस्तकातले आकडे आपल्याला पाठ आहेत. हक्कांच्या पुस्तकातले १४, १९, २१, ३२ हे आकडे सांगितले, तर लोकांना वाटतं एसटीचा सीट नंबर सांगतोय.

याला एक सणसणीत अपवाद आहे. शहरातल्या स्पर्धा परीक्षांच्या कोणत्याही अभ्यासिकेत जा. तिथे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलामुलींना लक्ष्मीकांतांचं राज्यघटनेवरचं पुस्तक पानांच्या क्रमाने पाठ आहे. राज्यपालांना शपथ कोण देतं, वित्त आयोग कोणत्या अनुच्छेदाखाली, त्र्याहत्तरावी दुरुस्ती कोणत्या तारखेला अमलात आली, झोपेतून उठवून विचारा. तारीख २४ एप्रिल १९९३. पण याच त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ज्या ग्रामसभेला संविधानात जागा दिली, तिला तुम्ही शेवटचं कधी गेला होता, असं मी एका हुशार मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सर, त्या दिवशी टेस्ट सिरीज असती." पास झाला तर तो उद्या गटविकास अधिकारी होऊन ग्रामसभा का होत नाही याचा अहवाल मागवील. अहवाल उत्तम लिहिला जाईल, याबद्दल मला शंका नाही.

आणि हे काही एकट्या आमच्याच मातीचं वैशिष्ट्य नव्हे. अमेरिकेत २०१६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राने विचारलं, तेव्हा सरकारच्या तिन्ही शाखांची नावं साधारण चौघांतल्या एकालाच सांगता आली. तिथे जन्मलेल्याला कुणी काही विचारत नाही, पण बाहेरून आलेल्याला नागरिक व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. २००८ पासूनच्या परीक्षेत शंभर प्रश्नांची यादी असायची, त्यांतले दहापर्यंत विचारायचे, सहा आले की पास. उमरग्याकडचा एक मुलगा टेक्सासात या परीक्षेची तयारी करत होता. तिथल्या घटनेला सत्तावीस दुरुस्त्या, सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश, सगळं त्याने आईला फोनवर म्हणून दाखवलं. आईने कौतुकाने ऐकलं आणि विचारलं, "अन् आपल्या हितं किती हायत?" पोरगं गडबडलं. आई म्हणाली, "जाऊ दे, ते काय परीक्षेला येनार न्हाई."

परीक्षेला न येणाऱ्या गोष्टींत आमदार आणि खासदार यांच्यातला फरकही येतो. गटार तुंबलं की खासदाराला फोन, आणि आरक्षणाचा प्रश्न सरपंचाला, अशी आमच्याकडची साधारण विभागणी आहे. खासदारही शहाणा असतो. 'हे माझं काम नाही' असं म्हणणारा खासदार पुन्हा निवडून येत नाही, म्हणून तो गटाराच्या कामालाही 'बघतो' म्हणतो. शिवाय नकाशाच असा आहे, की माणसाने गोंधळू नये तर काय करावं? जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, पण लोकसभेच्या मतदारसंघाचं नाव २०२४ च्या निवडणुकीतही उस्मानाबादच होतं, कारण ते मतदारसंघ पुनर्रचनेच्या आदेशात तसं आहे. त्या मतदारसंघात लातूर जिल्ह्यातलं औसा आहे, सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आहे. म्हणजे बार्शीचा माणूस राहतो सोलापूर जिल्ह्यात, मत देतो उस्मानाबादला, आणि निवडून आलेला खासदार कार्यालय मांडतो धाराशिवला. उस्मानाबादी शेळीचं नाव तर कुणी बदललंच नाही. तिने कुठे अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

सरपंचाचंही तेच. २०१७ साली कायदा बदलला, सरपंच थेट जनतेतून. २०२० साली बदलला, सरपंच सदस्यांतून. २०२२ साली बदलला, पुन्हा जनतेतून. नागरिकशास्त्राचं पुस्तक छापून येईपर्यंत उत्तर फिरलेलं असतं. त्यात निम्म्या जागा महिलांसाठी. गावात शिरून 'सरपंच कोण?' विचारलं, तर दहातले नऊ जण बाईंच्या नवऱ्याचं नाव सांगतात, आणि दहावा माणूस तो नवराच असतो. २०२२ साली जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक बसले. आपला जिल्हा परिषद सदस्य आता सदस्य राहिलेला नाही, हे बऱ्याच जणांना कळलं ते लग्नपत्रिकेत त्याच्या नावापुढे 'माजी' छापलं गेलं तेव्हा.

एवढं सगळं असूनही आमची माणसं सरकारला ओळखत नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. फार चांगलं ओळखतात, फक्त खिडकीतून ओळखतात. सात-बाऱ्यावरची नोंद, फेरफार, आठ-अ, ई-पीक पाहणी, केवायसी, पिकाचं नुकसान झालं की द्यायची सूचना: पाचवी नापास शेतकऱ्यालाही यातलं एक-एक पाऊल माहीत असतं, आणि ते चुकलं तर कोणत्या टेबलावर काय बोलायचं हेही. २०२० च्या खरिपाचा पीकविमा मिळेना, तेव्हा या जिल्ह्यातले शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. २०२२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. उच्च न्यायालयात असं थेट जाता येतं ते अनुच्छेद २२६ मुळे. गावात कुणी तो आकडा उच्चारला नाही. "वर गेलाव," एवढंच म्हणाले. आरक्षणाच्या आंदोलनात तर चहाच्या टपरीवर १९९२ चा इंद्रा साहनी निकाल आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा यांवर अशी चर्चा ऐकली, की वकिलाने वही काढावी. निजामकाळच्या नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली आणि खासरा पत्रक, हैदराबाद गॅझेट हे शब्द घराघरांत गेले. पोटाला हात लागला की आमचा माणूस घटनातज्ज्ञ होतो. पोट शांत असलं की ते पुस्तक पुन्हा जिथल्या तिथे जातं.

खिडकीतून ओळखण्यात एकच खोट आहे. खिडकीच्या आत बसलेला माणूस जे देतो ते देणगी वाटतं. रेशन मिळालं, 'साहेबांनी दिलं'. घरकुल मिळालं, 'अमक्या भाऊंनी केलं'. रस्ता झाला की फलकावर हसरे फोटो, आणि फलकासमोर लोक खरंच हात जोडतात. ज्याचं आहे त्यालाच ते कुणीतरी दिल्यासारखं वाटतं, आणि देणारा ती समजूत मोडायची घाई करत नाही.

सगळीकडे असं नाही. आमच्याच जिल्ह्यात कसबे तडवळे नावाचं गाव आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. प्रश्न वतनाच्या कामाचा. गावकीची राबणूक करायची आणि बदल्यात अपमान घ्यायचा, त्याचा. संविधान लिहायला तेव्हा सुरुवातही झाली नव्हती. बाबासाहेबांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली होती आणि मुक्काम शाळेच्या इमारतीत होता, हे तिथे आजही कुणीही सांगतं. म्हणून मला नेहमी वाटतं, दिल्लीतल्या आमच्या खुर्च्या रिकाम्या होत्या हे खरं असलं, तरी मसुदा समितीचा अध्यक्ष आमच्या एका गावात दोन दिवस बसून लोकांचं ऐकून गेला होता. ही हजेरी कुठल्या रजिस्टरात नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

आजही संविधानाची प्रत हमखास कुठे सापडेल असं विचारलंत, तर मी ग्रामपंचायतीचं कपाट सांगणार नाही, बुद्धविहार सांगेन. तिथे २६ नोव्हेंबरला उद्देशिका वाचली जाते, समजावून सांगितली जाते, आणि एखादी शाळेची पायरी न चढलेली आजीबाई 'समतेचा हक्क' हे शब्द असे उच्चारते, की त्यांना वापराची चकाकी आहे हे कळतं. ज्यांना त्या पुस्तकाची गरज होती त्यांनी ते वाचलं. बाकीच्या गावाने ते 'त्यांचं' म्हणून सोडून दिलं. चौदा एप्रिलची मिरवणूक ज्या गल्लीत थांबते, तिथेच पुस्तकही थांबतं. हे लिहिताना मला हसू येत नाही. गोरोबाकाकांच्या तेरला सप्ताहात सात दिवस लोक मांडी घालून बसतात, एकेका ओळीवर तास तास निरूपण ऐकतात. ऐकायचा कंटाळा हे आपलं दुखणं नाहीच. या पुस्तकाला वेशीच्या आतला निरूपणकार अजून मिळालेला नाही, एवढंच.

मिळायला जागा तर कायद्याने दिलेली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार व्हायच्या. कोरम म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांत कमी असेल ते. शंभर! ज्या गावात जावळाच्या जेवणाला चारशे पान उठतं, तिथे ग्रामसभेला शंभर डोकी जमत नाहीत. दवंडी देऊन होते, व्हॉट्सॲपवर सूचना पडते, मंदिरासमोर सतरंजी अंथरली जाते. तिच्यावर पंधरा-वीस माणसं, दोन शेळ्या आणि रोजगार हमीचं पेमेंट अडकलेला एक संतापलेला तरुण असतो. कोरमअभावी सभा तहकूब. आणि कायद्याची गंमत अशी, की तहकूब सभेला कोरम लागत नाही. पहिल्या सभेला लोक आले नाहीत म्हणून दुसऱ्या सभेला लोकांची गरजच संपते. हा नियम ज्याने लिहिला त्याला गाव फार आतून माहीत असणार.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. अशा एका सभेला मी कोपऱ्यात बसलो होतो. बचत गटाच्या काही जणी आल्या होत्या. त्यांतल्या एका मावशींनी गटाचा हिशोब ठेवता ठेवता लिहायला-वाचायला पक्कं केलेलं होतं, आणि हिशोब ठेवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायची एक वाईट खोड लागते. त्यांनी विचारलं, "ग्रामसेवकसाहेब, मागच्या सभेत काय ठरलं ते वाचा की."

"मावशी, ती तहकूब झाली होती. कोरम नव्हता."

"मंग पुन्ना कवा झाली?"

"झाली ना. नंतर झाली."

"कुटं?"

"हितंच की. हापिसात."

"कोन कोन होतं?"

ग्रामसेवकांनी शिपायाकडे पाहिलं, शिपायाने पंख्याकडे. मावशी म्हणाल्या, "रजिस्टर बगू द्या." रजिस्टर बघायला मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे, अनुच्छेद वगैरे त्यांनी काही काढला नाही. रजिस्टर आलं. मावशींनी चष्मा लावला, बोट ओलं केलं आणि एकेक ओळ खाली येत गेल्या. एका ओळीवर बोट थांबलं.

"ही माझी सही हाय म्हनं."

"तुमचीच असल की मावशी."

"न्हाई. मी 'र' असला वाकडा काढत न्हाई. ह्ये बगा." त्यांनी पिशवीतनं गटाचं पासबुक काढून शेजारी ठेवलं. दोन्ही 'र' सगळ्या बायांनी वाकून वाकून पाहिले. मग शेजारची म्हणाली, "आन् माजी बी बगा गं, हाय का त्यात."

ग्रामसेवकांनी शिपायाला सगळ्यांसाठी चहा सांगितला. मावशींनी चहा घेतला, बशी बाजूला ठेवली, रजिस्टर मांडीवरून न सोडता मागचं पान उलटलं आणि विचारलं, "ह्याच्या आदीचं रजिस्टर कुटं आसतंय?"